तिठ्यावरची सात मिनिटे

“ही सात मिनिटं कसली?”

अनुदान कार्यालयातून आलेल्या अधिकारी बाईंनी प्रपत्रातल्या एका चौकटीवर बोट टेकवले. टेबलाभोवती चार माणसे बसली होती. शहर विभागाचे व्यवस्थापक खुर्चीत मागे रेलून छताकडे पाहत होते. उत्तर द्यायचे होते ते त्यांच्या डाव्या हाताला, पाठ ताठ ठेवून बसलेल्या वयस्क गृहस्थांना.

“थांबण्याची,” ते म्हणाले. “चौदा नंबरची बस तिठ्यावर खेड्याकडच्या गाडीसाठी थांबते. सात मिनिटं.”

“म्हणजे निष्क्रिय.”

“निष्क्रिय नव्हे. थांबलेली.”

व्यवस्थापकांना हसू आले, पण ते त्यांनी खोकल्यात गुंडाळले.

या गृहस्थांना परिवहन कचेरीत सारे मिनिटराव म्हणत. हे नाव कुणी आणि कधी ठेवले हे आता कुणाच्याही स्मरणात नव्हते, पण ते अंगच्या सदऱ्यासारखे त्यांना बसले होते. एकतीस वर्षे त्यांनी एकच काम केले: वेळापत्रक आखणे. त्यांच्या खोलीत भिंतभर एक फळा होता. त्यावर आडवी वेळ, उभे थांबे, आणि प्रत्येक बसचा टाचण्यांना ताणून बांधलेला एक रंगीत दोरा. पुढे संगणक आला, नवी माणसे आली, फळा अडगळीत टाकावा असे दोनदा ठरलेही. परंतु कुठे दोन गाड्या एकमेकींना चुकत असल्या की ती नवी माणसेच गुपचूप खोलीत येऊन दोऱ्यांकडे पाहत उभी राहत. जिथे दोन दोरे एकमेकांना छेदतात तिथे एक माणूस एका बसमधून उतरून दुसरीत चढतो, एवढे एकच सूत्र मिनिटराव त्यांना सांगत, आणि तेही मागितल्याशिवाय नाही.

निवृत्तीला चार महिने उरले होते.

त्या सात मिनिटांचा इतिहास बावीस वर्षांचा होता. तिठ्यावर शहराची हद्द संपते. एक रस्ता शहरात, रुग्णालयाकडे जातो, दुसरा उपनगराकडे, तिसरा रेल्वेचे फाटक ओलांडून खेड्यांकडे. शहराच्या बस शहर विभागाच्या, खेड्यांच्या गाड्या ग्राम विभागाच्या. दोघांचे अनुदान निराळे, अधिकारी निराळे, आणि तिठ्यावरचा एकुलता एक बाक कुणाचा यावर दोन्ही विभागांत अकरा पत्रे झालेली. एका सकाळी मिनिटराव पाहणीसाठी तिथे उभे असता खेड्याकडची गाडी आली, माणसे उतरली, आणि समोरून निघालेल्या चौदा नंबरच्या मागे धावली. एक कुबडीवाला गृहस्थ तेवढा धावला नाही. तो जिथे उतरला तिथेच उभा राहिला आणि बस दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे पाहत राहिला, जणू एखाद्याला निरोप द्यावा तसा.

पुढच्या वेळापत्रकात मिनिटरावांनी आयुष्यातले पहिले आणि शेवटचे असत्य लिहिले. आधीच्या थांब्यापासून तिठ्यापर्यंतची वाट अकरा मिनिटांची. त्यांनी ती अठरा मिनिटांची केली. बस सात वाजून एक मिनिटाने तिठ्यावर येई, कागदावर मात्र सात वाजून आठ. मधली सात मिनिटे चालक पाय मोकळे करी, आणि तेवढ्यात फाटकाने अडवलेली खेड्याकडची गाडी धापा टाकीत येऊन पोहोचे. चालक त्यांना ‘मिनिटरावांची सात’ म्हणत. नवा चालक रुजू झाला की जुना त्याला पहिल्याच दिवशी सांगे, “कागद काहीही म्हणू दे, ती सात खायची नाहीत.”

कचेरीची टाचणीही घरी न नेणाऱ्या माणसाला हे असत्य बावीस वर्षे चपलेतल्या खड्यासारखे टोचत होते. यंदा नवे प्रपत्र आले. ‘वरील वेळा प्रत्यक्षाप्रमाणे सत्य आहेत’ असे शेवटी लिहिलेले, खाली सही. मिनिटरावांनी विचार केला की आपण गेल्यावर कुणा नव्या माणसाला ही अठरा मिनिटे सापडतील, तो ती मुळातून न समजता कापून टाकील. त्यापेक्षा जाण्यापूर्वी त्या सात मिनिटांना त्यांचे खरे नाव द्यावे, म्हणजे ती उजळ माथ्याने नांदतील. परंतु प्रपत्रात चौकटी पाचच होत्या: धाव, वळण, इंधन, चालकाची विश्रांती आणि निष्क्रिय. दुसऱ्या गाडीची वाट पाहणे अशी चौकट नव्हती. त्यांनी दोन दिवस विचार केला, ‘निष्क्रिय’ या चौकटीत सात हा आकडा लिहिला आणि समासात बारीक, सुवाच्य अक्षरात नऊ ओळींचे कारण दिले.

“कारण समासात लिहिलंय मी,” ते आता म्हणाले.

“काका,” बाई म्हणाल्या. त्यांचा स्वर कठोर नव्हता, थकलेला होता. सकाळपासूनचा त्यांचा हा चौथा विभाग होता. “समास पुढे जात नाही हो. मशीन चौकटीतलं तेवढंच उचलतं. आणि शहराचं अनुदान धावणाऱ्या मिनिटांना आहे. उभ्या बसला नाही.”

“पण त्या बसमध्ये माणसं चढतात.”

“किती?”

“नऊ. कधी अकरा.”

“नोंद?”

नोंद नव्हती. खेड्याकडून आलेला माणूस तिठ्यावर नवे तिकीट घेई, आणि ते तिकीट तिठ्यावरच राहणाऱ्या माणसाच्या तिकिटासारखेच दिसे. तो कुठून आला हे कागदाला ठाऊक नव्हते.

तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेला पास विभागाचा लेखनिक, जिभेने सैल पण मनाचा निर्मळ, मदतीला धावला. “अहो साहेब, नोंद कशाला पाहिजे! यांच्या ताईच येतात ना त्या गाडीनं, डायलिसिसला. आठवड्यातून तीनदा. त्यांनाच विचारा की!”

व्यवस्थापकांनी छतावरची नजर खाली आणली.

“तुमची बहीण?”

“हो. दीड वर्षापासून. ही मिनिटं बावीस वर्षांची आहेत.”

“असतील ना. मी कुठे नाही म्हणतोय?” व्यवस्थापक सावकाश म्हणाले. “पण उद्या कुणी विचारलं, की कारकुनाच्या बहिणीसाठी शहराची बस उभी राहते, तर मी काय सांगू? समास दाखवू?”

मिनिटरावांचे कान तापले. बोलायला पुष्कळ होते: कुबडीवाला होता, रुग्णालयात फरशी पुसणारी बाई होती, शाळेची दोन मुले होती. पण आता प्रत्येक वाक्याच्या मागे ताई येऊन उभी राहत होती. खरे बोलायला तोंड उघडावे तर ते गाऱ्हाणे वाटे, गप्प बसावे तर कबुली. लेखनिकाचा चेहरा पांढरा पडला होता. बाईंनी हलक्या हाताने त्या आकड्यावर रेघ मारली आणि म्हणाल्या, “माफ करा काका. नियम मी नाही केले.”

चौदा नंबर मुळातूनच सात मिनिटे उशिरा सोडावी तर ती आधीच्या थांब्यांवर दुसऱ्या दोन गाड्यांना चुकत होती, आणि खेड्याकडून त्याआधीची गाडी नव्हती. पुढचे आठ दिवस मिनिटराव जिना चढत-उतरत राहिले. शहर विभाग खालच्या मजल्यावर होता आणि ग्राम विभाग वरच्या. वर ग्राम विभागाच्या व्यवस्थापिका होत्या. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला, सगळे ऐकून घेतले.

“दहा मिनिटं आधी सोडा तुमची गाडी,” मिनिटराव म्हणाले. “एवढंच मागतोय.”

“कशी सोडू? तीच गाडी आधी कारखान्याची पाळी सोडून येते. दहा मिनिटं अलीकडे ओढली तर चालकाचे तास वाढतात. माझ्याकडे तास शिल्लक नाहीत हो. खालच्यांना सांगा ना थांबायला.”

“खालचे म्हणतात वरच्यांना सांगा.”

“मग फाटकवाल्यांना सांगा,” त्या हसून म्हणाल्या, आणि लगेच त्यांचे त्यांनाच वाईट वाटले. “सॉरी हं. मी वरती लिहिते. पण मंजुरी यायला वर्ष जाईल.”

पास विभागाचा लेखनिक रोज खोलीच्या दाराशी येई आणि उंबऱ्यावरूनच परत जाई. एकदा तो म्हणाला, “मी तोंड शिवून घ्यायला पाहिजे होतं.” मिनिटरावांनी त्याला बसायला खुर्ची दिली. त्याच्यावर राग धरावा एवढेही सोपे काही त्या प्रकरणात नव्हते.

रविवारी त्यांनी ताईला फोन केला. ताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर हिनेच त्यांची शाळेची चड्डी शिवली होती आणि पाढे म्हणवून घेतले होते. तिचे यजमान तीन वर्षे अंथरुणाला खिळलेले. त्यांना कुशीवर वळवायला सकाळपुरती शेजारीण येई, दुपारनंतर ताईच. त्यामुळे ‘शहरात माझ्याकडे राहा’ हे वाक्य मिनिटरावांनी एकदा उच्चारले होते, पुन्हा उच्चारले नाही. तिठ्यापासून भाड्याची मोटार करून देण्याची गोष्ट त्यांनी आता काढली.

“आठवड्यातून तीनदा? उरलेल्या आयुष्यभर?” ताई म्हणाली. “आणि तुझी बायको तुला काय, रस्त्यावर बसवील. अरे राजा, नको. मी पळेन की!”

“तू पळणार?”

“शाळेत पहिली यायचे मी पळण्यात. तू शेवटून दुसरा होतास. शेवटचा होता त्याचा पाय मोडलेला.”

मिनिटराव हसले. फोन ठेवल्यावर मात्र कितीतरी वेळ त्यांचा हात फोनवरच राहिला. रुग्णालयाचा नियम त्यांना ठाऊक होता: यंत्र आठला लागते, सव्वाआठपर्यंत माणूस आला नाही तर ते वाट पाहणाऱ्या दुसऱ्या रुग्णाला देतात. चौदा नंबरची पुढची बस सात एकेचाळीसला होती, आणि ती रुग्णालयाशी आठ सोळाला पोहोचत असे.

नवे वेळापत्रक सोमवारी लागू झाले. ते मिनिटरावांनीच आखले होते. दुसऱ्या कुणाला तो मार्ग येत नव्हता.

त्या सकाळी पावणेसातलाच ते तिठ्यावर जाऊन उभे राहिले. हवा थंड होती, बाकावर दव होते. सात वाजून एक मिनिटाने चौदा नंबर आली. तिचा चालक देहाने आडवा, आवाजाने दणकट. त्याला सारे पैलवान म्हणत. त्याने खिडकीतून डोके बाहेर काढले.

“या मिनिटराव! आज तुम्ही स्वतः?”

“आलो.”

“हे बघा काय बसवलंय.” त्याने समोरच्या काचेखालच्या डबीकडे मान केली. डबीवर तांबडा दिवा उघडझाप करू लागला होता. “थांब्यावर एका मिनिटाच्या वर उभं राहिलं की बोंबलतं. तिकडे कचेरीत लगेच नोंद. मागच्या महिन्यात चाचणी होती, त्यात माझे दोन मेमो झालेत. तिसऱ्याला घरी बसायचं, म्हणतात.”

“माहीत आहे.”

“फाटक पडलंय बघा.”

मिनिटरावांनी पाहिले. दोनशे पावलांवर रेल्वेचे फाटक खाली होते. मालगाडीचे डबे एकामागून एक चालले होते, आणि दोन डब्यांच्या मधून पलीकडे थांबलेली खेड्याकडची गाडी दिसत होती, नाहीशी होत होती, पुन्हा दिसत होती. तिच्या पुढच्या काचेमागे माणसे उभी होती. त्यांना दारापाशी आधीच येऊन राहायची सवय होती.

डबीने शीळ घातली.

बसमधला एक प्रवासी म्हणाला, “चला की राव, कामावर जायचंय.”

पैलवानाने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. “मिनिटराव,” तो हळू आवाजात म्हणाला, “ताई आहेत ना त्यात? तुम्ही सांगा, मी थांबतो. लेखी नको. नुसतं तोंडानं म्हणा, थांब. पुढचं मी बघून घेतो.”

त्याच्या दोन मुली शिकत होत्या, हे मिनिटरावांना ठाऊक होते. धाकटीच्या प्रवेशाचा अर्ज त्यांनीच भरून दिला होता. त्यांनी फाटकाकडे पाहिले. मालगाडीचा शेवट अजून दिसत नव्हता. किती डबे उरले असतील याचा हिशेब त्यांच्या मनाने सवयीने मांडला: दीड मिनिट, नंतर फाटक वर जायला अर्धे, मग दोनशे पावले. तीन मिनिटे. जिथे बावीस वर्षे सात होती तिथे तीन मागायची होती. शब्द एकच होता, दोन अक्षरांचा. तो जिभेवर आला, आणि त्याच्या पाठोपाठ व्यवस्थापकांचा आवाज आला, आणि पैलवानाच्या धाकट्या मुलीचे अर्जावरचे छायाचित्र आले.

“निघा,” मिनिटराव म्हणाले.

“बघा हं.”

“वेळ झाली. निघा तुम्ही.”

पैलवानाने त्यांच्याकडे क्षणभर पाहिले, मग गियर टाकला. बस वळणाआड गेली. मग मालगाडी संपली, फाटक वर गेले, आणि खेड्याकडची गाडी तिठ्यावर आली तेव्हा सात वाजून पाच मिनिटे झाली होती.

माणसे उतरली. फरशी पुसणारी बाई रस्त्याकडे पाहून कपाळावर हात मारून खाली बसली. “पहिल्या दिवशीच! आता मुकादम माझी पूजा बांधतोय.” शाळेची मुले आनंदली. ताई सर्वांत शेवटी उतरली, खांद्यावर शाल, हातात कापडी पिशवी. उतरल्यावर ती खरोखरच पाच-सहा पावले धावल्यासारखी चालली. मग मिनिटराव दिसल्यावर थांबली आणि धाप लागलेली असतानाच हसली.

“पहिला नंबर हुकला रे.”

“बस,” ते म्हणाले. बाकावरचे दव त्यांनी रुमालाने पुसले.

दोघे छत्तीस मिनिटे त्या बाकावर बसली. ताईने यजमानांचे सांगितले, शेजारणीच्या सुनेचे सांगितले. मिनिटराव ‘हं’ म्हणत राहिले. तिची पावले सुजली होती. चपलेचा पट्टा मांसात रुतला होता.

बसमधून उतरून यंत्राच्या खोलीपर्यंत ती दोघे आठ पंचविसाला पोहोचली. यंत्रावर दुसरी कुणी बाई झोपली होती. परिचारिकेने हात जोडल्यासारखे केले. “आजी, मी सव्वाआठपर्यंत धरून ठेवलं होतं हो. आता बारा-साडेबाराला एखादं रिकामं झालं तर.” साडेबाराला झाले. चार तासांची गरज होती, पण खेड्याकडे परतणारी दुपारची एकच गाडी तिठ्यावरून तीन चाळीसला सुटत असे आणि त्यापुढची थेट संध्याकाळची. तोवर यजमानांना पाणीही कुणी दिले नसते. म्हणून अडीचलाच सुया काढून घेतल्या. चिकटपट्टी लावताना परिचारिका मिनिटरावांना बाजूला घेऊन म्हणाली, “हे असं चालणार नाही. अंगातलं पाणी निम्मंही निघालं नाही.” ते म्हणाले, “हो.”

तीन वाजून पस्तीस मिनिटांनी ती दोघे पुन्हा तिठ्यावर होती. खेड्याकडची गाडी लागलेली होती, चालक टायरला पाय लावून पाहत होता. ताईचा उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला होता.

“ताई,” मिनिटराव म्हणाले, “सकाळची बस गेली ना. ती मी सोडली. तो थांबत होता. तुमची गाडी फाटकापाशी दिसत होती, आणि मी म्हटलं निघा.”

ताईने त्यांच्याकडे पाहिले. लहानपणी पाढा चुकल्यावर पाहत असे, तसे नव्हे. चुकला नसताना पाहत असे, तसे.

“तू सोडलीस म्हणजे वेळ झालीच असणार,” ती म्हणाली.

ताईने डाव्या हाताने पिशवीतून रुग्णालयाचे कार्ड काढले. त्यावर तीन वार छापल्यासारखे लिहिलेले होते: सोम, बुध, शुक्र. “हे बघ, मी दोनदाच येईन म्हणते. बुधवार काढून टाकू. अर्धवट तीनदा करण्यापेक्षा दोनदा यायचं, संध्याकाळच्या गाडीनं परतायचं, पुरतं करून. दोन दिवस सांभाळीन म्हणालीय शेजारीण. तीन नाही म्हणाली, तिचंही घर आहे.”

“डॉक्टरांनी तीनदा सांगितलंय.”

“डॉक्टरांना काय जातंय सांगायला? ते राहतात रुग्णालयाच्या मागं.” ती हसली. “पेन दे. नाहीतर असं कर, रेघ तूच मार. तुझी सरळ येते.”

मिनिटरावांनी खिशातून पेन काढले, टोपण काढले. कार्डावर ‘बुध’ हा शब्द होता, आणि त्यांचा हात त्याच्यावर उभा राहिला. एकतीस वर्षांत त्यांनी कितीतरी फेऱ्या रद्द केल्या होत्या, पट्टीने, लाल शाईने, एका झटक्यात.

“ताई, हे मी नाही करणार.”

“बरं. नको करू.”

तिने पेन त्यांच्या हातून घेतले. कार्ड गुडघ्यावर धरले आणि डाव्या हाताने एक रेघ ओढली. ती वाकडी गेली, अर्धी शुक्रवारावर चढली. तिने ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, शुक्रवार अजून वाचता येतो याची खात्री केली, पेनाला टोपण लावले आणि ते त्यांच्या खिशात परत खोवून दिले.

चालकाने भोंगा वाजवला. ताई खिडकीपाशी बसली. बांधलेला हात तिने मांडीवर उताणा ठेवला आणि दुसऱ्याने, आता जा घरी, अशी खूण केली. मिनिटराव गेले नाहीत.

फाटक उघडे होते. गाडी तीन वाजून चाळीस मिनिटांनी, अगदी वेळेवर सुटली.